स्वस्तात मिळालेला रुपया

रविवारी सकाळी चहा उरकला की माजलगावात एका मित्राच्या दुकानाच्या ओट्यावर आम्ही चौघे जमतो. एक निवृत्त मास्तर, एक खतांचा दुकानदार, एक सराफ आणि बँकेच्या नोकरीतून सुटलेला मी. प्रत्येकाच्या खिशात कागदाची एक पुडी असते आणि पुडीत आठवडाभरात हाती लागलेली नाणी. गेल्या रविवारी मास्तरांनी तीन शिवराया काढल्या. भंगारवाल्याकडून तांब्याच्या भावाने, किलोवर तोलून घेतलेल्या. एकीवर ‘श्री राजा शिव’मधलं ‘शिव’ तेवढं उरलेलं. ठशापेक्षा तांब्याची चकती लहान, त्यामुळे बाकीची अक्षरं कडेबाहेरच राहिलेली. पण मास्तरांचा चेहरा असा, की जणू रायगडाची किल्ली सापडली. “कितीला?” हा आमचा पहिला प्रश्न. नाणं कुठलं, कोणत्या काळातलं, हे मागाहून.

आमच्या भागात नाण्यांना तोटा नाही. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून इथे दोन चलनं नांदली. निजामाचा तो हाली रुपया आणि इंग्रजांचा तो कळदार. सात हाली म्हणजे सहा कळदार, हा हिशेब माझ्या वडिलांना झोपेतही येत असे. बँकेत लागल्यावर मी एकदा तो ताडून पाहिला. जुन्या कळदार रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, हाली ११.१८ ग्रॅम, आणि त्यात चांदीही कमी कसाची. दोन्हींतली शुद्ध चांदी काढली तर गुणोत्तर जवळजवळ तेच, सातास सहा! १९५१नंतर हाली नवा निघाला नाही, १९५९मध्ये तो चलनातूनच गेला. गेला म्हणजे कुठे गेला? उतरंडीत, देवघरात, गळ्यातल्या माळेत. तिथून तो आता अडीनडीला सराफाकडे येतो, आणि तिथे आमच्यासारखे टपून बसलेले असतात.

अडीनड म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात सांगायला नको. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी सराफमित्राच्या पेढीवर बसलो होतो. एक बाई आली. पन्नाशीची असेल. चार रुपये कडी जोडलेले, आणि एक सुटा, हळदीकुंकवाने माखलेला. “देवघरातला हे, पण आता दुसरं काहीच नाही घरात,” म्हणाली. मुकादमाची उचल आधीच संपली होती. सराफाने वजन केलं, मोडीचा भाव सांगितला. मी पुढे होऊन प्रत्येक रुपयामागे शंभर जास्त दिले. बाई खूष, सराफ खूष, आणि मी तर स्वतःवरच खूष. नाणं मुशीत जाण्यापासून वाचवल्याचं पुण्य वर फुकट.

घरी येऊन सुट्या रुपयावरचं कुंकू हलकेच धुतलं. चारमिनार. मधल्या कमानीत निजामाच्या नावाचं आद्याक्षर असतं: महबूब अली खानचा ‘मीम’, १९११नंतर उस्मान अलीचा ‘ऐन’. माझ्या हातात होता तो मीमचा, आणि तोही इतका ठसठशीत की मिनारांवरची नक्षी मोजावी. कडी जोडलेल्या नाण्याला संग्राहक नाक मुरडतात, डाग लावल्याने ते बाद होतं म्हणतात. (त्या डागाइतकं खरं त्या नाण्यावर काही नसतं, असं माझं मत, पण बाजार माझ्या मतावर चालत नाही.) सुट्याची गोष्ट निराळी. मी दिले त्याच्या कितीतरी पट त्याचे आले असते.

रविवारी ओट्यावर मी हे सांगितलं तेव्हा टाळ्याच पडल्या. खतवाला म्हणाला, “नशीब लागतं!” मी विचारलं, बाईला खरी किंमत सांगायला हवी होती का? तो म्हणाला, “मग आपण इथं कशाला जमायचं?” मला उत्तर सुचलं नाही. काउंटरवर बसून तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की पैसे इथंच मोजून घ्या. पण आपण काय विकतोय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने काय मोजावं?

उलट बाजूही आहे. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो मिळतात, अशा जाहिरातींना भुलून लोक आधी ‘नोंदणी शुल्क’ भरतात आणि बुडतात. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगावं लागलं, की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही कुणाकडे शुल्क वा कमिशन मागत नाही. खरी किंमत सांगणारं जवळ कुणी नसलं, की माणूस एकतर मोडीत देतो, नाहीतर लाखाच्या स्वप्नात जातो.

आणि छंद म्हणजे नुसती लूट, असंही नव्हे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे, पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी गावच्या मातीतून निघालेलं सातवाहनकाळचं धन आयुष्यभर जमवलं. आज दोघांच्या नावाने सरकारी वस्तुसंग्रहालयं उभी आहेत. आमच्या पुड्या मात्र कपाटाच्या आतल्या खणात.

बाईचं गाव सराफाला ठाऊक होतं, धरणाच्या पाण्याकाठचं. मी गेलो तेव्हा घराला कुलूप, निम्म्या गल्लीलाच कुलूप. पुन्हा वैशाखात गेलो. तिने मला ओळखलंच नाही. रुपया पुढे केला आणि म्हटलं, हा परत घ्या, नाहीतर वरचे पैसे घ्या. तिने आधी रुपया घेतला, पदराने पुसला, उन्हात धरून पाहिला. मग पैसे घेतले, दोनदा मोजले आणि रुपया माझ्या हातावर ठेवला.

“धुतलासा जणू,” म्हणाली. “दिवाळीला पुजत जा.”

माझ्या वहीत त्या नाण्यापुढे आता दोन तारखा आणि दोन रकमा आहेत. ओट्यावर मी हे अजून सांगितलेलं नाही.