एम.ए. मराठीच्या वर्गात आपण कशासाठी बसायचे?

बी.ए.चे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून दोनच प्रश्न ऐकू येतात. स्पर्धा परीक्षेचा क्लास कुठला लावला? बी.एड.ला नंबर लागेल का? त्यात एखादी मुलगी म्हणाली की मला मराठी साहित्यात एम.ए. करायचे आहे, तर घरचे गप्प होतात आणि कार्यकर्ते हसतात. ‘मराठी तर येतेच की आपल्याला!’ घरच्यांचे गप्प बसणे आम्ही समजू शकतो. दोन वर्षांचा खर्च आणि त्यानंतर तासिका तत्त्वावरची वणवण त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेली असते. पण चळवळीने हसावे?

१८८५ साली न्या. रानडे यांच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. माणसाचे हक्क जे मनापासून द्यायला तयार नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमचे जुळणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. मात्र हा नकार ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलेल्या माणसाचा होता, हे आपण विसरतो. वाचलेल्या, लिहिलेल्या माणसाच्या नकाराला वजन असते.

आपला विद्यार्थी विभागात पाऊल ठेवतो तेव्हा त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. अनेक ठिकाणी दलित साहित्याचा एक पेपर असतो, तो त्याच्या वाट्याला आपोआप येतो. ‘तुझे अनुभव लिही, आत्मकथन लिही,’ असे प्रेमाने सांगितले जाते. मर्ढेकरांविषयी तुझे मत काय, ज्ञानेश्वरीची भाषा तुला कशी दिसते, हे त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे दुःख आमचे आणि त्याचा अर्थ लावणार प्रस्थापित! ‘गोलपिठा’ (१९७२) किंवा ‘बलुतं’ (१९७८) यांच्याकडेही केवळ अनुभवाचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. नामदेव ढसाळांनी मराठी वाक्याचे काय केले, दया पवारांनी निवेदनासाठी दोन ‘मी’ का योजले, हे प्रश्न मागेच राहतात. आपल्याकडे कवी उदंड झाले. समीक्षक मात्र बोटावर मोजावे लागतात, आणि संमेलनांच्या मांडवात आपण त्यांची फारशी आठवणही काढत नाही.

डॉ. म. ना. वानखेडे इंग्रजी साहित्याच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. परत येऊन औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात त्यांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली (तेव्हा हाच शब्द रूढ होता). दलित साहित्याच्या पुढच्या चर्चेला त्यातून मोठे बळ मिळाले. साहित्याचा एक विद्यार्थी चळवळीला काय देऊ शकतो, याचे दुसरे उदाहरण कशाला हवे? संस्कृतमध्ये एम.ए. करणाऱ्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) प्रत्येक नव्या विद्यार्थिनीने पहिल्याच महिन्यात वाचावे. गुणवत्ता असून नोकरी मिळेना, मिळाली ती लग्नानंतर आडनाव बदलल्यावर, हे त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

आणि बाबासाहेब? शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा स्वतः अभ्यास केला आणि धर्मग्रंथांची चिकित्सा केली. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, १९१५ मध्ये एम.ए. झाले. अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र त्यांनी अभ्यासले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस! जातिसंस्थेच्या अभ्यासात ज्याला वगळता येत नाही, तो मजकूर मुळात वर्गात वाचलेला पेपर होता. आज एम.ए.च्या अंतर्गत गुणांसाठी गाईडमधली दहा पाने उतरवून देणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी सांगितले आहे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आता जुन्या ग्रंथांवर, हस्तलिखितांवर, संतवाङ्मयावर काम करण्याची भाषा सुरू झाली आहे. चोखामेळा आणि सोयराबाई यांच्या अभंगांची चिकित्सा कोण करणार? म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’तला तेराव्या शतकातला समाज कोणाच्या नजरेने वाचला जाणार? आपली मुले पाठचिकित्सा, भाषाविज्ञान, कोशविद्या शिकली नाहीत तर ही कामे नेहमीच्याच घरांत जातील. मग आपण मोर्चा काढू! म्हणून आमचा आग्रह आहे की अवघड वाटणारा पेपर मुद्दाम घ्यावा. दलित साहित्याचा पेपर घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तेवढ्यावरच थांबू नये.

खर्चाचे काय, हा प्रश्न उरतो. शिष्यवृत्ती आहे, पण ती हातात पडेपर्यंत अनेकदा वर्ष सरते आणि मेसवाला तोवर थांबत नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जो पैसा जातो, त्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीचे कित्येक महिन्यांचे जेवण निघेल. वस्तीच्या मंडळाने यंदा एवढे करावे. शिवाय विहारात महिन्यातून एक रविवार या मुलांनी वर्गासाठी लिहिलेला निबंध मोठ्याने वाचावा. ऐकणाऱ्या आयाबायांना कळला नाही तर तो पुन्हा लिहून आणावा.