‘डिग्री होऊ दे, मग बघू’

‘आधी डिग्री तर होऊ दे, नोकरीचं मग बघू.’ आपल्या सीमाभागातल्या बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. आईच्या तोंडी ते मराठीत असतं, आजीच्या तोंडी कन्नडमध्ये, ‘मोदलु डिग्री मुगीली’. भाषा दोन, अर्थ एकच. मग निकाल लागतो आणि बायोडेटा कसा लिहायचा इथपासून सगळ्यांची धावपळ सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच.

माझ्या बहिणीचं कुटुंब नोकरीनिमित्त बडोद्यात स्थायिक झालं. भाची महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेहुणे पुढच्या वर्षी निवृत्त होतील आणि घराच्या कर्जाचे हप्ते अजून बाकी आहेत. त्यामुळे तिची पहिली नोकरी हा तिच्या एकटीचा विषय नाही. दिवाळीत गेले होते तेव्हा मी सहज विचारलं, तर म्हणाली, ‘अगं मावशी, शेवटच्या वर्षी प्लेसमेंट असतंच ना! तेव्हा बघू.’

ती शिकते ती विद्याशाखा पूर्वीच्या कलाभवनातून वाढली आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं. तिथे दादासाहेब फाळके चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकले. तेव्हा आपल्याकडे सिनेमा नव्हता, तरी ते शिक्षण १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी उपयोगी पडलं. शिकताना हाताला लागलेलं कसब वाया जात नाही.

पण मी भाचीला सांगितली ती गोष्ट याच शहराशी जोडलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. १९१३ साली त्यांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाऊल टाकतानाच पैसे किती, वेळ किती आणि पुढे देणं काय, हे तिन्ही त्यांना ठाऊक होतं. त्या वेळेचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. अर्थशास्त्र मुख्य विषय, पण जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्रही घेतलं. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला अभ्यास सुरू केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये तो अर्धवट सोडून परतावं लागलं, तेव्हा पुन्हा येऊन तो पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवली होती.

पुढे काय झालं ते आपण जाणतो. परदेशी पदवी घेऊन ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण जातीमुळे बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. त्या दिवशी त्यांनी जिथे बसून संकल्प केला, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. नोकरी सोडून ते मुंबईला आले. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. मित्राची आणि आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पूर्ण केला.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मावशी, त्यांना अडवलं समाजानं. त्यात प्लॅनिंगचा काय संबंध?’ प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, अगं, ती भिंत प्लॅनिंगनं पडली नाही, आणि ती होती हा दोष त्यांचा नव्हताच. पण परवानगी आधी मागून ठेवली होती, म्हणून तीन वर्षांनी परत जायला दार उघडं राहिलं. भाड्याची खोली शोधताना आडनाव आजही विचारलं जातं. म्हणून नोकरीचं पत्र आलं की पगाराबरोबर राहायचं कुठे, हेही तेव्हाच विचारावं.

मग आम्ही दोघींनी वही घेऊन बसलो. पहिल्या पानावर पैशांचा हिशेब: घरचा पगार कधी थांबणार, हप्ता किती, तिला कधीपासून कमवायला हवं. दुसऱ्या पानावर आतापर्यंत केलेली प्रोजेक्टं, तारखांसह. बायोडेटा त्यातूनच तयार होतो. तिसऱ्या पानावर सुट्टीत इंटर्नशिपसाठी अर्ज करायच्या कंपन्या, अर्जाची तारीख आणि उत्तर आलं की नाही यासाठी रकाना. चौथ्या पानावर तिला चांगलं ओळखणारे दोन प्राध्यापक. शिफारसपत्र ऐनवेळी मागितलं तर तेही काय लिहिणार?

पाचवं पान भाषांचं, आणि ते आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे. भाची मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी लिहिते. कन्नड फक्त बोलते, तेही आजीशी. सरकारी बँकांची क्लार्कची भरती राज्यवार होते आणि तिथली स्थानिक भाषा येते का, हे तपासलं जातं. दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाला महाराष्ट्र आणि कर्नाटक यांपैकी कुठूनही अर्ज करता येतो. आपल्या मुलांना ही शिदोरी घरातच मिळते, पण लिपी शिकायची राहून जाते. मराठी शाळेतल्यांना कन्नड अक्षरं येत नाहीत, कन्नड शाळेतल्यांना मराठी वाचता येत नाही. रोज अर्धा तास दिला तर कॉलेजच्या काळात ही उणीव सहज भरून निघेल. शिकवायला आजी आहेच, आणि तिलाही ते आवडेल.

कन्नडमध्ये म्हण आहे, ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हात चिखलात माखले तर तोंडी दही लागतं. तेव्हा मंडळी, तुमच्या घरात कुणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल, तर येत्या रविवारी एक वही आणा. पहिलं पान मात्र आईवडिलांनी भरायचं. घरात पैसे किती आहेत आणि कधीपर्यंत पुरतील, हे मुलांना खरंखरं सांगा. बाकीची पानं ती भरतील.