वणीत समुद्र कुठे आहे?

परवा ऑफिसात एका मित्राने जाहीर केलं की प्रेमकविता हा स्वप्नातला मामला, होम लोनचा पहिला हप्ता कापला गेला की तो आपोआप संपतो. सगळे हसले. मीही हसलो. पण शनिवार सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हे खरडतोय.

मला मुळात ही वाटणीच मान्य नाही. स्वप्न इकडे, वास्तव तिकडे, मधे ऑफिससारखं पार्टिशन!

मी वणीचा. यवतमाळ जिल्हा. कापूस, घुग्गुसकडे जाणारे कोळशाचे ट्रक, मे महिन्यात पारा ४५ला. बारावीत असताना एका मुलीला कविता दिली होती. स्वतःची (बरीचशी). तीत लाटा होत्या, ओली वाळू होती, किनाऱ्यावर तिची पावलं होती. समुद्र मी तोवर फक्त सिनेमात पाहिलेला. दुसऱ्या दिवशी तिने कागद परत केला नि एवढंच विचारलं, "वणीत समुद्र कुठी आहे रे?"

विषय संपला. तेव्हा वाटलं, पोरगी अरसिक आहे. आज वाटतं, इतका नेमका कोड रिव्ह्यू मला नंतर कुणी दिला नाही. स्वप्न पाहिलं म्हणून मी नापास झालो नव्हतो. ते उसनं होतं, आणि तिच्याकडे नीट न बघता लिहिलं होतं.

आता हप्तावाल्या मित्रासाठी. मूर्तिजापूरचे आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल. त्यांची आणि कुसुमावती जयवंतांची प्रेमपत्रं वाचा, 'कुसुमानिल' नावाने १९७२ साली पुस्तक आलं. हे स्वप्न पोस्टाचं तिकीट लावून, उत्तराची वाट बघत चाललेलं. मधे ती शिकायला लंडनला. लग्न १९२९ला, 'फुलवात' १९३२ला. पुढे संसार, नोकरी सगळं झालं. १९६१ला कुसुमावती गेल्या. तरी हा माणूस १९७६ला, पंचाहत्तरीत, 'दशपदी' काढतो आणि त्यातही प्रेम आहेच. कुठला हप्ता नि काय!

आणि आमच्या यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर? पेशाने वकील, छंदाने शिकारी, मराठीत शायरी. त्यांचा आशिक स्वतःच्याच फजितीवर हसतो. त्याला वास्तवाची भीती वाटत नाही, उलट तिथेच त्याची मैफल रंगते.

"म्हणजे प्रेमकवितेत आता कापसाचा भाव लिहायचा का?" हा प्रश्न येणारच. लिहा की! आमच्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं मुश्कील झालंय. माझा धाकटा मामेभाऊ चौतिशीचा. आठ एकर रान, पाच ठिकाणांहून नकार. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चांदणं-पारिजात छाप चारोळ्या फॉरवर्ड करतो, ज्यातला पारिजात त्याच्या अंगणात नाही. भावना त्याची, माल दुसऱ्याचा. आपण शहरात बसून त्यावर स्मायली टाकतो आणि प्रेमकविता मेली म्हणून हळहळतो. राग येतो तो याचा.

काल त्याला फोन केला. म्हटलं, फॉरवर्ड बंद कर, एक ओळ स्वतःची पाठव.

"काय लिहू दादा? मोटर जळली कालच."

म्हटलं, तेच लिही.