पाण्याचे पंचांग

नदीवर फ्लाय फिशिंग करण्यासाठी परप्रांतात जाणारा हौशी मासेमार आपला खर्च बहुधा साहित्याच्या किमतीने मोजतो. रॉड कोणता, रीळ कोणते, बूट कोणते याची चर्चा निघण्याआधी महिनाभर चालते आणि ज्या नदीवर जायचे तिचे पाणी त्या आठवड्यात कसे असते, हा प्रश्न तिकिटे काढून झाल्यावर सुचतो. हा क्रम उलटा आहे. प्रवास, मुक्काम, जेवण आणि रजा यांचा खर्च मासा लागो वा न लागो त्याच दराने चालू राहत असल्यामुळे पाहुण्याचे सर्वांत मोठे नुकसान गढूळ पाण्याकडे पाहत काढलेल्या दिवसांत होते, आणि म्हणून दौऱ्याच्या एकूण रुपयांना गरवण्याजोग्या दिवसांनी भागल्यावर जो आकडा येतो तोच त्या दौऱ्याचा खरा दर समजला पाहिजे.

गरवणे, म्हणजे गरी लावून मासा धरणे, हा शब्द कोकणात अजून रोजच्या वापरात आहे आणि फ्लाय फिशिंग ही गरवण्याचीच एक तऱ्हा आहे. नेहमीच्या गळाला शिसे किंवा आमिष यांच्या वजनाने लांब फेकता येते. फ्लाय मात्र, म्हणजे पिसे, केस आणि तार गरीवर गुंडाळून केलेली कीटकाची प्रतिकृती, इतकी हलकी असते की तिला स्वतःच्या वजनाने पुढे जाता येत नाही, आणि म्हणून या पद्धतीत वजन जाड दोरीला, म्हणजे फ्लाय लाइनला दिलेले असते व फेक त्या दोरीचीच होते. हा फरक लक्षात घेतला की खर्चाचा प्राधान्यक्रमही बदलतो, कारण महागडे रीळ आणि हलक्या प्रतीची दोरी यांपेक्षा साधे रीळ आणि चांगली दोरी ही जोडी अधिक काम देते.

भारतात या छंदासाठी पाहुण्याला परवडणारे जे प्रदेश आहेत त्यांत हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्याचा, आणि त्यातही तीर्थन नदीचा, विचार प्रथम व्हावा असे या अंकाचे मत आहे. येथील ब्राउन ट्राउट मूळचा भारतीय नाही. काश्मीरमध्ये १९०० मध्ये आणि कुल्लूत १९०९ मध्ये ब्रिटिशांच्या खटपटीने तो वसवला गेला आणि थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात त्याने आपली प्रजा स्वतः वाढवली. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या डोंगरांतून उतरणारी तीर्थन गुशैणी आणि बंजार या गावांजवळून वाहत लारजीपाशी बिआसच्या पाण्याला मिळते. तिच्यावरील जलविद्युत प्रकल्पांना खोऱ्यातील लोकांनी नेटाने विरोध केल्यामुळे तिचा प्रवाह मोकळा राहिला, आणि आज पाहुण्याला जे पाणी मिळते ते त्या विरोधाचे फळ आहे, याचे स्मरण तेथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे.

आता पंचांगाकडे वळावे, कारण सारा हिशेब तेथेच ठरतो. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण हिवाळ्याच्या तोंडावर आणि हिवाळ्यात ब्राउन ट्राउटची मादी नदीच्या तळच्या वाळूगोट्यात खळगा करून अंडी घालते आणि ती अंडी तेथेच थंडीभर राहतात. उरलेल्या आठ महिन्यांतही पाणी एकसारखे नसते. मार्च आणि एप्रिलमध्ये ते कमी, नितळ आणि फार थंड असते. मे आणि जूनमध्ये बर्फ वितळू लागते, आणि दिवसाच्या उन्हाने सुटलेले पाणी खाली पोहोचायला काही तास लागत असल्यामुळे नदी सकाळी उतरलेली व दुपारनंतर चढलेली दिसते, म्हणून त्या दिवसांत गरवण्याचे काम पहाटे उरकावे लागते. जुलै आणि ऑगस्ट पावसाचे, दरडींचे आणि गढूळ लोंढ्यांचे असतात. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास मान्सून हिमाचलातून माघार घेतो आणि तेथून ऑक्टोबरअखेरपर्यंत नदी पुन्हा नितळते, पाण्याचे मान स्थिर राहते आणि हिवाळ्यापूर्वी मासा भुकेने खातो.

महाराष्ट्रातील गरवणाऱ्याची रजा मात्र या पंचांगाशी जुळत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तो निघतो तेव्हा बर्फाचे पाणी सुटलेले असते आणि मनालीकडे जाणाऱ्या गर्दीमुळे खोल्यांचे भाडे वर्षातले सर्वाधिक असते. दिवाळीत निघावे तर दिवाळी अनेकदा बंदीच्या काळात जाते, २०२३ मध्ये ती १२ नोव्हेंबरला होती. या दोहोंमध्ये एक काळ असा आहे की ज्याकडे मराठी घरांत प्रवासाच्या दृष्टीने कोणी पाहत नाही, आणि तो म्हणजे पितृपंधरवडा. गणपती आटोपलेले असतात, लग्नकार्ये नसतात, नवरात्र लागायचे असते, आणि ज्या वर्षी हा पंधरवडा उशिरा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पूर्वार्धात येतो, त्या वर्षी तो तीर्थनच्या उत्तम पाण्याशी बरोबर जुळतो. तो लवकर आल्यास मात्र पावसाची शेपटी अंगावर येण्याची शक्यता असते व मग नवरात्राचे दिवस धरावेत. फक्त विजयादशमीपासून पुढचे सात दिवस कुल्लूच्या ढालपूर मैदानावर तेथला प्रसिद्ध दसरा भरतो, बंजारच्या शृंगी ऋषींसह खोऱ्याखोऱ्यांतील देवता आपापल्या लोकांसह तिकडे निघतात आणि बसमध्ये व कुल्लू परिसरातील निवासांत जागा मिळणे कठीण होते, हे ध्यानात ठेवून प्रवासाचा दिवस त्या आठवड्याच्या बाहेर काढावा.

दुसरा निर्णय मुक्कामाचा. एका आठवड्यात तीर्थन, सांगल्याची बास्पा आणि बरोटची उहल अशा तीन नद्या उरकण्याचा बेत कागदावर आकर्षक वाटतो, पण डोंगरातील प्रत्येक बदलीत एक पूर्ण दिवस आणि टॅक्सीचे मोठे भाडे जाते, शिवाय प्रत्येक नदीचा पहिला दिवस तिचे पाणी ओळखण्यातच संपतो. एक खोरे, एक नदी, एक घर आणि किमान पाच दिवस ही मांडणी पाहुण्याला सर्वांत स्वस्त पडते. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने किंवा मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेसने अंबाला, तेथून मनालीकडे जाणाऱ्या बसने औट, औटच्या बोगद्यापाशी उतरून लारजीमार्गे बंजार व गुशैणीकडे जाणारी स्थानिक बस, हा मार्ग विमानापेक्षा वेळ खातो हे खरे. परंतु पाच-सहा दिवसांच्या एकाच मुक्कामात तो वेळ भरून निघतो, आणि विमानाच्या तिकिटात वाचलेले पैसे एक-दोन दिवस अधिक राहण्यास पुरतात. गुशैणी, नागिणी, बंजार या भागात होमस्टे, म्हणजे घरातीलच खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे, पुष्कळ आहेत. घर निवडताना सजावटीपेक्षा नदीपर्यंतचे चालण्याचे अंतर पाहावे, कारण पायी नदी गाठता आली की पहाट आणि संध्याकाळ दोन्ही हातात राहतात व रोजच्या गाडीचा खर्च पूर्णपणे टळतो.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगता येते. तीर्थन ही मोठमोठ्या धोंड्यांतून उतरणारी नदी असल्यामुळे मासा धोंड्यांच्या आडोशाला थोपलेल्या लहान लहान पाण्यात उभा असतो आणि बहुतेक फेका आठ-दहा मीटरांच्या आतल्या असतात. म्हणून नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच क्रमांकाच्या लाइनचा एकच रॉड पुरतो व तो पाऊण मीटरच्या नळीत बसून रेल्वेच्या बाकाखाली जातो. लाइनच्या टोकाशी निमुळता लीडर आणि त्याच्या शेवटी टिपेट नावाचा बारीक तंतू लागतो. त्याची जाडी ४एक्स, ५एक्स अशी लिहितात, आकडा वाढेल तसा तंतू बारीक होतो, ४एक्स सुमारे ०.१८ मिलिमीटर भरतो आणि या खडकाळ पाण्यात तोच सोयीचा. फ्लायचे शंभर प्रकार घेण्याची गरज नाही. पाण्याखाली वाढणाऱ्या कीटकाच्या अळीसारखी दिसणारी फेझंट टेल निम्फ ही इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्याच सामग्रीत बसवली होती. ती, तिच्याच जातीची हेअर्स इअर, पृष्ठभागावर तरंगणारी एल्क हेअर कॅडिस आणि चढत्या पाण्यासाठी एखादी वूली बगर, यांच्या १२ ते १६ क्रमांकांच्या गऱ्या, ज्यांत आकडा मोठा तशी गरी लहान, पाच दिवसांना पुरून उरतात, आणि घरी बांधता आल्या तर त्यांचा खर्च अत्यल्प राहतो.

ज्यांना रीळच नको त्यांनी जपानच्या डोंगरी ओढ्यांवरील तेनकारा या पद्धतीचा विचार अवश्य करावा. दुर्बिणीसारखा आत सरकणारा लांब रॉड, त्याच्या टोकाला ठरावीक लांबीची दोरी आणि एक फ्लाय, एवढेच तिचे साहित्य. धोंड्यांतल्या लहान पाण्याला ती इतकी अनुरूप आहे की तीर्थनसाठीच घडवली असावी असे वाटते. खाडीकाठी वेळूच्या काठीला दोरी बांधून गरवणाऱ्या कोकणी हाताला ती परकी वाटणार नाही, आणि रीळ व महागडी लाइन दोन्ही वाचल्यामुळे नव्या माणसाचा प्रवेशखर्च तिच्यामुळे निम्म्याहून खाली येऊ शकतो.

काटकसर जेथे करू नये अशा तीन जागा आहेत. बूट ही पहिली. निसरड्या गोट्यांवर पकड न देणारा बूट हाडे मोडतो, आणि छातीपर्यंतचे वेडर्स न घेता सप्टेंबरच्या उन्हात लवकर वाळणाऱ्या विजारीत गुडघाभर पाण्यात उभे राहणे स्वस्तही आहे व वेगवान प्रवाहात सुरक्षितही. दुसरी जागा सरावाची आहे. फेकीचा सराव मैदानावर, गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, निघण्यापूर्वी चार आठवडे करता येतो, आणि जो तो नदीवर येऊन करतो तो परवान्याचे आणि मुक्कामाचे दिवस शिकवणीपायी खर्ची घालतो. तिसरी जागा पहिल्या दिवसाच्या स्थानिक वाटाड्याची. जुलै २०२३ च्या पुराने कुल्लू जिल्ह्यातील नद्यांची पात्रे ठिकठिकाणी बदलली, जुने डोह भरले आणि नवे पडले, त्यामुळे जुन्या वर्णनांवर विसंबता येत नाही. पाण्याकाठी वाढलेला माणूस पहिल्या दिवशी जे दाखवतो त्यावर उरलेले चार दिवस एकट्याने निभावता येतात. त्याची मजुरी घासाघीस करून कमी करणे हे या छंदाला शोभणारे नाही.

परवाना हिमाचलच्या मत्स्यविभागाकडून दिवसागणिक मिळतो, त्याचे शुल्क एकूण खर्चात नगण्य असते, आणि परवान्यावर छापलेली माशांची संख्या व किमान लांबी या अटी त्या वर्षीच्या वाचून घ्याव्यात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन्यजीव कायदा लागू असल्याने गरवणे त्या हद्दीबाहेरच करावे. लारजी धरणाखालच्या बिआसमध्ये तर कितीही शांत पाणी दिसले तरी पात्रात उतरू नये. ८ जून २०१४ रोजी त्या धरणातून एकाएकी सोडलेल्या पाण्यात थलौट येथे हैदराबादचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल संयोजक वाहून गेले. हा अपघात नदीकाठी फिरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने लक्षात ठेवावा.

ताटातल्या माशाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. खोऱ्यात रेनबो ट्राउटची शेती होते, शेतकरी ताजा मासा विकतात आणि होमस्टेची स्वयंपाकघरे तो उत्तम करतात. म्हणून खाण्यासाठी तो विकत घ्यावा, आणि नदीतला ब्राउन ट्राउट गरीचा काटा चिमट्याने दाबून, हात ओले करून, पाण्याबाहेर क्षणभरच ठेवून परत सोडावा. त्याच पाण्यात ‘असला’ हा मूळचा हिमालयी मासाही राहतो, ज्याला शास्त्रात स्किझोथोरॅक्स म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद असुरक्षित गटात आहे. परदेशातून आणलेल्या माशासाठी हजारो किलोमीटर प्रवास करणाऱ्याने या घरच्या माशाकडे तुच्छतेने पाहू नये. मराठी गरवणाऱ्याला ही गोष्ट समजायला कठीण नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन केले तो दख्खनचा महाशीर, म्हणजे आपला खडस, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता, आणि त्या पाण्याचे पुढे काय झाले हे पुणेकरांना सांगावे लागत नाही.

येत्या हंगामात जे वाचक तीर्थनवर जातील त्यांनी खिशात एक साधा पाण्याचा तापमापक आणि वही ठेवावी, व रोज सकाळी-दुपारी पाण्याचे तापमान, नितळपणा, पातळी चढती की उतरती, लागलेल्या ब्राउन ट्राउटची आणि असल्याची लांबी व संख्या, आणि मासा न लागलेले तासही तारखेनिशी लिहून आणावेत. एकाच नदीच्या अशा नोंदी तीन-चार वर्षे साठल्या की पाहुण्याने कोणत्या आठवड्यात निघावे हे सांगायला या मासिकाला अंदाजाचा आधार घ्यावा लागणार नाही. नोंदी ३१ ऑक्टोबरला हंगाम संपल्यानंतर पाठवाव्यात, आणि त्यांत खर्चाचा तपशील, म्हणजे प्रवास, मुक्काम, परवाना व वाटाड्याची मजुरी, वेगवेगळा लिहिलेला असावा.