भाकीत मशीनचं, जबाबदारी कोणाची?

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीया म्हटली की भेंडवळ. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. तिथे शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, आणि त्यावर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे काय काय हललं ते बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची म्हणतात. शास्त्रीय आधार काही नाही, हे इंजिनिअर म्हणून आधीच सांगून टाकतो. पण गंमत बघा. भाकीत ऐकायला गर्दी असते, मात्र सोयाबीन किती एकर आणि कपाशी किती, हे ज्याचं तो कास्तकार ठरवतो. बियाण्याचे पैसे त्याच्याच खिशातून जातात ना!

म्हणजे भाकीत वेगळं आणि नियोजन वेगळं. सध्या कंपन्यांमध्ये नेमकी हीच गल्लत होतेय असं मला वाटतं.

मोठ्या कंपनीत 'एफपी अँड ए' नावाचा विभाग असतो. वर्षाचं बजेट बांधायचं, दर महिन्याला बजेट आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत काढायची, ती का आली ते साहेबांना समजवायचं, पुढचा अंदाज सुधारायचा. मी अशाच मंडळींसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यांचं निम्मं आयुष्य एक्सेलच्या शीट जोडण्यात जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खास फायनान्सवाल्यांसाठी कोपायलट जाहीर केला. तफावत शोधणं, आकड्यांचा ताळमेळ घालणं, सगळं एक्सेलमध्येच. दोन दिवसांचं काम तासाभरात होत असेल तर कोणाला नको आहे? मलाही हवंच आहे.

पण २०२१ चं सोयाबीन आठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात होता. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. मग नवा माल बाजारात येऊ लागला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास आला. डिसेंबरमध्ये तर सेबीने सोयाबीनचे वायदेच थांबवले. आता एखाद्या तेल कंपनीचं बजेट जुन्या भावांवर शिकलेल्या मॉडेलने बांधलं असतं, तर त्याला दिल्लीतला आदेश कुठून दिसणार? बरं, आजचा एआय 'आयात उघडली तर?' अशा दहा शक्यता सुचवेलही. पण त्यातल्या कुठल्या शक्यतेसाठी पैसे राखून ठेवायचे, कोणती खरेदी थांबवायची, हे कोणीतरी ठरवावं लागतं. आणि चुकलं तर 'मी ठरवलं होतं' असं म्हणावं लागतं. मशीन ते म्हणत नाही.

खरी काळजी पुढेच आहे. हे ठरवण्याची अक्कल येते कुठून? माझ्या मते त्याच कंटाळवाण्या कामातून. आमच्या खामगाव, चिखली, मलकापूरची बीकॉम झालेली पोरं पुण्याला जातात आणि पहिली दोन-तीन वर्षं आकडे जुळवत बसतात. डिझेलचा खर्च का वाढला म्हणून कारखान्यात फोन करतात. तिथला माणूस वैतागून खरं कारण सांगतो, आणि पोरगं धंदा शिकतं. एआय आला म्हणून ही पहिली पायरीच काढली, तर दहा वर्षांनी मशीनच्या आकड्यावर शंका घेणारा माणूस आणायचा कुठून? आणि छोट्या गावातल्या पोरांना आत यायचं दार तरी कुठलं उरणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एआय जरूर वापरा. पण बजेटमधल्या प्रत्येक मोठ्या गृहीतकापुढे एका माणसाचं नाव असू द्या. आणि नव्या पोरांना दर महिन्याला एक तरी तफावत स्वतः सोडवू द्या, मशीनचं उत्तर बघायच्या आधी. यात कंपनीचे थोडे तास जातील, पण ते तास म्हणजे बियाणं आहे. ते वाचवून पीक येत नसतं.

बघा पटतंय का.