लेक माहेरी आली, फाईल सासरीच राहिली

सोनोग्राफीचे मशीन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यासोबत काही नवे शब्दही आपल्या घरांत शिरले. त्यांतला एक शब्द दवाखान्यात अधूनमधून कानावर येतो. ‘बायकॉर्न्युएट युटेरस’, म्हणजे दोन शिंगांची गर्भपिशवी. रिपोर्टवर हे शब्द छापून आले की घरात सुतक पडल्यासारखे होते. सून असेल तर सासू गप्प होते, लेक असेल तर आई. मग तो कागद घडी होऊन पेटीत नाहीतर गादीखाली जातो. ‘साहेब, पोरीच्या पिशवीले शिंगं हायेत म्हंतात, पन हे कोनाले सांगू नोका,’ असे आवाज खाली करून सांगणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हे सांगायचेच असते, आणि बाळंतपण जो करणार त्याला तर आधी सांगायचे असते.

आता ही शिंगे म्हणजे काय ते पाहू. गर्भाशय हा उलट्या पेरूच्या (आपल्याकडचा जांब) आकाराचा, आतून पोकळ असा स्नायूंचा अवयव. लांबी साधारण सात-आठ सेंटिमीटर. पण तो सुरुवातीपासून असा एकसंध नसतो. मुलगी स्वतः आईच्या पोटात असते तेव्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास तिच्या शरीरात उजवीकडे एक व डावीकडे एक अशा दोन नळ्या तयार होतात. जोहान्स म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना म्यूलरच्या नळ्या म्हणतात. पुढे त्या खालच्या बाजूने एकमेकींना जुळतात, मधला पडदा विरून जातो आणि एकच पिशवी तयार होते. हे काम आईच्या पाचव्या महिन्यापर्यंत आटोपलेले असते.

या कामात कुठे कसर राहिली की आकार बदलतो. नळ्या वरच्या भागात जुळल्याच नाहीत तर बैलाच्या शिंगांसारखे दोन फाटे राहतात. ही दोन शिंगांची पिशवी. बाहेरून जुळल्या, पण आतला पडदा विरला नाही, तर एकाच खोलीत मधोमध कुड घातल्यासारखे होते; ही पडद्याची पिशवी. मुळीच जुळल्या नाहीत तर दोन स्वतंत्र पिशव्या राहतात, आणि एक नळी वाढलीच नाही तर अर्धीच पिशवी. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार मात्र अगदी किरकोळ असतो. पिशवीच्या छताला आतून थोडा बाक आलेला, एवढेच. त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

शंभर स्त्रियांत पाच-सहा जणींच्या पिशवीत असा काही ना काही फरक असतो, आणि त्यांतल्या कितीतरी जणींना चार मुले होऊनही त्याचा पत्ता लागत नाही. ज्यांचे गर्भ वारंवार पडतात त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तेराच्या आसपास जाते. म्हणजे त्रास होतो हे खरे, पण प्रत्येकीला होतो असे नाही. अंडाशये सहसा चांगली असतात, पाळी नियमित येते, दिवसही राहतात. तेव्हा अशा मुलीला वांझ म्हणणे हे अज्ञान झाले. ग्रहणात आईने विळी हातात घेतली म्हणून, किंवा कुणाच्या शापाने हे होत नाही. नवऱ्याकडच्या मंडळींनी एवढ्यावरून मुलीला माहेरी आणून सोडल्याचे मी ऐकले आहे. त्यांना सांगतो, मूल न होणे हेसुद्धा हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही, आणि इथे तर मूल होण्याची चांगली आशा असते.

गरोदरपणात अडचण येते ती जागेची. एका शिंगात वाढणाऱ्या गर्भाला पसरायला अंग कमी मिळते. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात, कधी पाचव्यात गर्भ पडतो. टिकला तर दिवस पूर्ण भरण्याआधी कळा येण्याचा संभव असतो, बाळ वजनाने कमी भरते, आणि त्याला गोलांटी मारून डोके खाली आणायला जागा नसल्याने ते पायाकडून किंवा आडवे राहते. पायाळू माणसाचे आपल्याकडे मोठे कौतुक. पाठीत उसण भरली की त्याला बोलावून पाय लावून घ्यायचा, आणि पावसात वीज कडाडली की त्यालाच घरात कोंडायचे! पण बाळंतिणीच्या खोलीत पाय आधी आला तर कौतुक करायला वेळ नसतो. आडव्या मुलाची पाणमोट फुटून नाळ किंवा हात बाहेर आला तर मिनिटे मोजावी लागतात. वारही कधी कधी शिंगात अडकून बसते व रक्तस्राव होतो.

याहून धोक्याचा प्रकार एक आहे, पण तो विरळा. अर्ध्या पिशवीला कधी कधी दुसऱ्या बाजूचा अविकसित, लहानसा फाटा चिकटलेला असतो. त्यात गर्भ राहिला तर तो फाटा बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात फुटतो. पोटात एकाएकी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा पांढराफटक, आणि अंगावरून मात्र काहीच जात नाही, कारण सारे रक्त पोटातच साचते. घरचे लोक वात धरला म्हणतात, ओवा देतात, शेक देतात. गरोदर बाईला अशी कळ येऊन भोवळ आली तर शेकोटी पेटवू नका, गाडी पाहा. १०८ ला फोन करा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या वऱ्हाडात पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की लेक माहेरी येते. कौंडण्यपूर तर रुक्मिणीचे माहेर. दर आषाढीला तिची पालखी इथून पंढरपूरला जाते, त्यामुळे माहेर या शब्दाचे मोल मी इथल्या लोकांना सांगायला नको. ही चाल चांगलीच आहे. पोरीला विसावा मिळतो, आईच्या हातचे मिळते. पण होते असे की, पहिल्या सहा महिन्यांची सारी तपासणी पुण्याला, नागपूरला किंवा अकोल्याकडे सासरी झालेली असते, आणि लेक येते ती साड्यांची बॅग व डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. फाईल सासरीच. कधी विसरते, कधी सासू म्हणते की कागद कशाला नेता, आणि पुष्कळदा मुलीची आईच सांगते की ते शिंगांचे कागद इकडे आणू नको, गावात बोभाटा होईल.

याने काय बिघडते ते समजून घ्या. पिशवीचा आकार नीट दिसतो तो दिवस राहण्यापूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत. पुढे बाळ वाढले, पिशवी ताणली, की आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दोन शिंगे ओळखता येतीलच असे नाही. म्हणजे सासरी राहिलेला तो पहिला कागद इथे पुन्हा तयार करता येत नाही. एरवी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लोकांना एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तो तर १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पिशवीची घडण कशी आहे, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला कायद्याची आडकाठी नाही.

जगातली दोन उदाहरणे देतो. बांगलादेशात जेसोर भागातल्या एका गरीब बाईला २०१९ च्या फेब्रुवारीत दिवस पूर्ण भरण्याआधीच मूल झाले. २६ दिवसांनी तिच्या पोटात पुन्हा दुखू लागले, तेव्हा तपासणीत कळले की तिला दोन पिशव्या आहेत आणि दुसरीत जुळे आहे! सिझेरियन करून जुळी सुखरूप काढली. गरिबीमुळे तिची तोपर्यंत एकदाही सोनोग्राफी झालेली नव्हती. दुसरी बाई अमेरिकेतल्या अलाबामाची. आपल्याला दोन पिशव्या आहेत हे तिला सतराव्या वर्षापासून ठाऊक होते. २०२३ मध्ये दोन्हींत एकेक गर्भ राहिला. डॉक्टरांनी आधीपासून तयारी ठेवली आणि १९ व २० डिसेंबरला लागोपाठ दोन मुली झाल्या. दोन्ही बाया सुदैवी ठरल्या. पण पहिलीच्या वाट्याला नुसते दैव होते, दुसरीजवळ माहिती होती.

या विषयात आपल्या माणसाचे मोठे काम आहे, ते थोडे सविस्तर सांगतो. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले व जे. जे. रुग्णालयात काम केलेले स्त्रीरोगतज्ज्ञ. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात कळा न येताच निसटतो, कारण पिशवीचे तोंड वजन पेलत नाही व आपोआप उघडते. शिरोडकरांनी ते तोंड आवळून बांधण्याची शस्त्रक्रिया शोधली. त्यासाठी दोरा म्हणून त्यांनी त्याच बाईच्या मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी वापरली. १९५५ मध्ये त्यांनी हे काम जगापुढे मांडले, आणि आजही जगभरच्या पुस्तकांत त्याला ‘शिरोडकर टाका’ म्हणतात. १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी त्याची सोपी तऱ्हा काढली. आज बहुतेक ठिकाणी तीच घालतात. १९७१ मध्ये शिरोडकर गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते.

घडण निराळी असलेल्या पिशवीचे तोंडही कधी कधी दुबळे असते, म्हणून काहींना हा टाका लागतो. पण शिंगे दिसली की टाका, असा नियम नाही. आधी पाचव्या महिन्याच्या आसपास गर्भ गेला असेल, किंवा सोनोग्राफीत तोंडाची लांबी २५ मिलिमीटरच्या खाली उतरू लागली असेल, तर तज्ज्ञ त्याचा विचार करतात. टाका सहसा १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान घालतात व ३६-३७ आठवड्यांना काढतात. त्याआधी खऱ्या कळा सुरू झाल्या तर मात्र तो ताबडतोब कापावा लागतो, नाहीतर पिशवीचे तोंड फाटते. टाका घातलेली लेक फाईल न घेता माहेरी आली आणि रात्री दोनला कळा सुरू झाल्या, तर इथल्या नर्सबाईने काय समजावे? तिला कुणी सांगितलेच नाही.

ऑपरेशनबद्दलही स्पष्ट बोलतो. ‘पिशवी सरळ करून घ्या, मग दिवस राहू द्या’ असा सल्ला घेऊन लोक येतात. दोन शिंगे पोट उघडून एकत्र शिवण्याची शस्त्रक्रिया स्ट्रासमान यांनी १९०७ च्या सुमारास सांगितली. आज ती क्वचितच करतात. मधला पडदा दुर्बिणीने, पोट न फाडता कापता येतो व तो पुष्कळ ठिकाणी कापलाही जातो. परंतु अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून ८० स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडदा कापलेल्यांपैकी शंभरी ३१ जणींना आणि न कापलेल्यांपैकी शंभरी ३५ जणींना जिवंत मूल झाले. अभ्यास लहान आहे, त्यावरून शेवटचा शब्द सांगता येत नाही. तरीही माझे मत असे की, एकही गर्भ गेलेला नसताना केवळ रिपोर्ट पाहून ऑपरेशन टेबलावर चढू नये. दोन-तीन गर्भ गेले असतील तर गोष्ट निराळी. तिथेही आधी शिंगे की पडदा याची खात्री थ्री-डी सोनोग्राफी किंवा एमआरआयने करून घ्यावी, कारण साध्या सोनोग्राफीत या दोहोंची गल्लत होते व दोहोंचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याने पहिला रागावत नाही, आणि रागावला तर रागावू द्या.

शिंगांची पिशवी म्हणजे सिझेरियन ठरलेलेच, हेही खरे नाही. डोके खाली असेल, बाळाची वाढ ठीक असेल तर नेहमीसारखे बाळंतपण होऊ शकते. फक्त ते घरी किंवा उपकेंद्रात नको. जिथे ऑपरेशनची सोय आहे, रक्त मिळते आणि कमी दिवसांच्या बाळाची काळजी घेता येते अशा ठिकाणी हवे. आपल्या भागातून म्हणजे बहुधा अमरावतीचे डफरीन किंवा सेवाग्राम. ३६ आठवड्यांना बाळ कसे आहे ते पाहून जागा ठरवावी, रात्री गाडी कोणाची हेही ठरवून ठेवावे. कळा ३४ आठवड्यांच्या आत सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात; त्यासाठी वेळेत पोहोचणे भाग आहे. नऊ महिने खाटेवर पडून राहण्याने मात्र गर्भ टिकतो असे दिसलेले नाही. शासकीय रुग्णालयात २०११ पासूनच्या योजनेत बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त व नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारा, त्या तारीख लक्षात ठेवून असतात.

सासरच्या मंडळींनी लेकीसोबत एवढे द्यावे: पहिल्या तीन महिन्यांची सोनोग्राफी, रक्तगट, आधी गर्भ गेला असल्यास तो कितव्या महिन्यात गेला, टाका असेल तर त्याची तारीख. मूळ कागद द्यायचा नसेल तर झेरॉक्स द्या, मोबाईलवर फोटो काढून द्या. मुलीच्या आईने तो कागद शेजारणीला दाखवू नये, पण डॉक्टरला दाखवावा. रिपोर्टमध्ये दोन्ही मूत्रपिंडे पाहिल्याची नोंद नसेल तर तेवढे विचारून घ्या. पिशवी आणि मूत्रपिंडे पोटातल्या बाळात एकाच सुमारास घडतात, आणि अर्ध्या पिशवीच्या काही स्त्रियांना एकच मूत्रपिंड असते. बाळंतपणानंतर तांबी बसवायची झाली तरी शिंगांची गोष्ट सांगावी लागते. दोन कप्प्यांपैकी एकात तांबी बसते आणि दुसऱ्यात दिवस राहतात. गर्भपाताच्या वेळीही हेच, डॉक्टर रिकामा कप्पा साफ करतो व गर्भ दुसऱ्यात तसाच राहतो. तेव्हा हा कागद बाळंतपण झाले म्हणून फेकू नका.