कब्रस्तानची भिंत आणि रात्री दोनचा नळ

मी हरले. कपबशी चिन्ह घेऊन अपक्ष उभी राहिले आणि ८३ मतांनी पडले. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, निकाल लांबला, २१ तारखेला लागला. त्या दिवसापासून मोहल्ल्यात एकच वाक्य ऐकतेय. दूधवाल्यापासून माझ्या सख्ख्या मामूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच: "तुझ्यामुळे कौमची मतं फुटली. तिसराच निवडून आला असता तर?"

तिसरा निवडून आला नाही. इशानंतरच्या बैठकीत ठरलेल्या उमेदवार बाईच निवडून आल्या. तरीही गुन्हेगार मीच. म्हणून हे लिहितेय, तुमच्यासाठी, ज्यांचं वय आत्ता एकवीस-बावीस आहे आणि ज्यांना पुढच्या वेळी हेच वाक्य ऐकवलं जाणार आहे.

आधी ती बैठक. मराठवाड्यातलं आमचं गाव लहान, नगरपरिषदेचं. आमच्या प्रभागात दोन जागा. सोडतीत एक नागरिकांच्या मागास प्रवर्गाला गेली, दुसरी सर्वसाधारण महिलेला. म्हणजे प्रत्येकाने तीन बटणं दाबायची: या दोन जागांची दोन आणि नगराध्यक्षाचं एक. महिलेच्या जागेवर कोण, हे ठरवायला पस्तीस-चाळीस माणसं जमली. त्यात बाई एकही नव्हती. मला कळलं ते शौहरकडून, तेही दुसऱ्या दिवशी चहा पिताना. मागच्या खेपेच्या नगरसेवकांच्या बेगम उभ्या राहणार, कौमने ठरवलंय.

बॅनर लागले तेव्हा त्यावर बेगमचं नाव होतं, 'सौ.' लावून, आणि फोटो शौहरचा. बाईंच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. यावर हसू नका. त्या बाईंना पर्दा हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यासाठी मी स्वतः भांडेन. माझंही डोकं झाकलेलं असतं. पण बेगमच्या पर्द्यामुळे शौहर नगरसेवक होत नसतो. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि आमच्या गल्लीत अजून एकाही नगरसेविकेचा फोन नंबर कुणाकडे नाही. सगळ्यांकडे तिच्या नवऱ्याचा आहे. हे फक्त आपल्यातच चालतं असं नाही, शेजारच्या प्रभागातही तेच आहे. पण शेजारी चुकतो म्हणून आपल्याला माफी मिळत नाही.

मी उभी राहायचं ठरवलं ते याच्या रागाने नाही. राग होताच, पण कारण वेगळं होतं. कारण म्हणजे एक बाड.

वर्षभरापूर्वी माहितीच्या अधिकारात मी नगरपरिषदेकडे मागच्या मुदतीतल्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागितली होती. झेरॉक्सचे पैसे भरले, दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा बाड हातात आलं. रमजानच्या रात्री सहरीची वाट बघत मी ते वाचून काढलं. आमच्या प्रभागाचे विषय पेन्सिलने खुणा करत गेले. कब्रस्तानच्या संरक्षक भिंतीचं बांधकाम. दोन वर्षांनी तिचीच दुरुस्ती. मग भिंतीला रंग आणि गेट. मोहल्ल्याच्या तोंडाशी कमान. ईदगाहच्या मैदानात पेव्हर ब्लॉक. संपलं. पाच वर्षांत पाण्याच्या वेळेबद्दल एक प्रश्न नाही. अंगणवाडीला लागून वाहणाऱ्या उघड्या गटाराबद्दल एक ओळ नाही.

माझे दादा-दादी त्याच कब्रस्तानात आहेत. भिंत नको असं मी कधीच म्हटलं नाही. आजूबाजूच्या जागेवर कुणाकुणाची नजर असते हे मलाही ठाऊक आहे, आणि भिंतीमुळे वाद टळतात हेही. पण तीच भिंत तीनदा? आणि आमच्या गल्लीत पाणी येतं चौथ्या दिवशी, रात्री दोन वाजता. पाणी भरायला उठतं कोण? भाईजान उठत नाहीत. दहावीतली पोरगी उठते, कळशा, ड्रम, टाकी भरते, साडेतीनला झोपते आणि सकाळी शाळेत पेंगते. त्या पोरीच्या शिक्षणावर मोहल्ल्यात जलसे होतात, बयान होतात, 'इक्रा'चा अर्थ समजावून सांगितला जातो. नळाची वेळ बदला असा अर्ज मात्र एकानेही दिला नाही.

आता कुणी म्हणेल, अल्पसंख्याकांचा निधी येतोच भिंतीसाठी, नगरसेवक काय करणार? हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सांगणाऱ्यांनाही माहीत आहे. अल्पसंख्याक विकास विभागाची अल्पसंख्याक बहुल नागरी क्षेत्रांसाठीची जी योजना आहे, तिचा शासन निर्णय काढून वाचा. कोणती कामं घेता येतात त्या यादीत कब्रस्तानचं कुंपण आहे, आणि त्याच यादीत पिण्याचं पाणी आहे, सांडपाण्याची व्यवस्था आहे, पथदिवे, सार्वजनिक स्वच्छतागृह, अंगणवाडी आहे. प्रस्ताव नगरपरिषदेतून जातो. यादीतून भिंत कुणी निवडली? सरकारने नाही. भिंत लवकर उभी राहते, तिच्यावर नावाची पाटी लागते, नारळ फोडून फोटो निघतो, ठेकेदार ओळखीचा असतो. गटार जमिनीखाली जातं. त्यावर पाटी कुठे लावणार?

आणि मत मागायला येणाऱ्यांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, आपण भिंत मागतो हे फार सोयीचं आहे. वरच्या पुढाऱ्याला एकदा कब्रस्तानचं गेट दिलं की मुसलमानांचं झालं. बाकी पाच वर्षं घंटागाडी कमानीपर्यंत येते आणि तिथूनच वळते. कमानीच्या आत ती कधीच का येत नाही, हे विचारायचं सोडून आपण त्या कमानीवर चंद्रतारा नीट दिसतो की नाही ते बघतो.

ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात निवडणुका रखडल्या, तेव्हा नगरपरिषदेवर वर्षानुवर्षं प्रशासक होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे हललं. त्या काळात नगरसेवक नव्हतेच. खरं सांगा, आपल्या गल्लीत काही फरक जाणवला? मला नाही जाणवला.

दुसऱ्या जागेचं आणखी मजेशीर. ती मागास प्रवर्गाची, आणि आपल्यातले बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी हे सगळे महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. आमच्या गल्लीतला एक पोरगा, अत्तार, बी.कॉम. झालेला, हिशेबात पक्का, उभा राहायला तयार होता. जातीचा दाखला नव्हता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्याच्या दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलंय. दाखल्यानंतर पुन्हा पडताळणी. हे आठ दिवसांत होत नाही, यासाठी वर्षभर आधी तहसीलचे खेटे घालावे लागतात. त्याने मोठ्यांकडे मदत मागितली तर उत्तर मिळालं, "इस्लाम में जात नहीं होती." हेच चाचा स्वतःच्या मुलाच्या रिश्त्यासाठी पहिला प्रश्न बिरादरीचा विचारतात. जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला गेली.

माझ्या प्रचाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुपारी बायका मोकळ्या असतात तेव्हा मी घरोघर जायचे, पाणीपट्टीची पावती काढायला सांगायचे. बऱ्याच घरांत वर्षाची पट्टी पूर्ण भरलेली होती. म्हणजे पैसे पूर्ण आणि पाणी चौथ्या दिवशी. एका खालाने पावती हातात धरून विचारलं, "हे वाचून काय करू, बेटा?" मी म्हटलं, भांडू. त्या हसल्या. त्यांचं मत मला मिळालं असावं असं वाटतं, पण नक्की सांगू शकत नाही, कारण शेवटच्या दोन रात्रींत पुरुष मंडळी घरोघर फिरली आणि 'इज्जत का सवाल है' एवढंच बोलली. त्या चार शब्दांपुढे माझ्या पावत्या कमी पडल्या. चूक माझीही होती. मी पुरुषांशी बोललेच नाही. पानटपरीवर, गॅरेजवर जायला हवं होतं, लाजले. ८३ मतांतली किती या लाजेत गेली याचा हिशेब मी मांडत बसत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. हा मला एका शिकलेल्या, मला मनापासून मानणाऱ्या मुलाने घेतला, म्हणून टाळता येत नाही. तो म्हणाला, "आपा, जमाना बघा. आपल्या दुकानातून माल घेऊ नका म्हणून मेसेज फिरतात, मोर्चे निघतात, घरं पडतात. अशा वेळी तुम्ही गटारावर बोलताय? आत्ता एकजूट हवी."

भीती खरी आहे. मी तिला खोटी म्हणणार नाही, माझ्याही घरात रात्री फोन वाजला की सगळे दचकतात. पण त्या एकजुटीने भीतीचं काय केलं ते बघू. दोन वर्षांपूर्वी मागच्या बोळातल्या सहा घरांना अतिक्रमणाची नोटीस आली. बैठक भरली, घोषणा झाल्या, एक पुढारी येऊन गेला, सेल्फी निघाले. नोटिशीवर तारीख काय, उत्तर किती दिवसांत द्यायचं, कोणत्या कलमाखाली आहे, हे कुणी वाचलं नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या कुणाकडे आहेत हे कुणी विचारलं नाही. मुदत गेली. शेवटी एका बाहेरच्या वकिलाने, जो मुसलमानही नाही, मुदत मागून घेतली म्हणून घरं उभी आहेत. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागेल. हा निकाल आमच्या मोहल्ल्यात किती जणांना माहीत आहे? व्हॉट्सॲपवर बुलडोझरचे व्हिडिओ मात्र सगळ्यांकडे आहेत.

निवडणुकीच्या वेळीही तसंच झालं. प्रभागाची प्रारूप मतदार यादी लागली तेव्हा आमच्या गल्लीची पन्नासेक नावं पलीकडच्या प्रभागात गेलेली होती. हरकतीची मुदत होती. मी अर्ज घेऊन गेले, सोबत दोन पोरं. कौमची इज्जत सांभाळणारे त्या आठवड्यात बॅनरच्या रंगावर चर्चा करत होते. म्हणून म्हणते, गटार आणि भीती हे दोन वेगळे विषय नाहीत. जो माणूस पाण्यासाठी अर्ज लिहून त्याची पोच घेऊ शकतो, तोच उद्या नोटिशीला उत्तर देऊ शकतो. ज्याने पाच वर्षांत सभागृहात एकदा तोंड उघडलं नाही, तो कठीण वेळी आपल्यासाठी उघडेल, हा विश्वास तुम्ही कशाच्या आधारावर ठेवता?

बैठकीतल्या माणसांबद्दल मला आदरच आहे. बीमारीत, मय्यतीत तेच धावून येतात. माझ्या अब्बांच्या जनाजाला खांदा त्यांनीच दिला. पण खांदा देणाऱ्याला उमेदवार ठरवायचा ठेका मिळत नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणं हाही ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांनीच आता मला "गटारवाली आपा" असं नाव पाडलंय. ठीक आहे.

निवडून आलेल्या बाईंना मी निकालानंतर भेटायला गेले, मिठाई घेऊन. शौहर दारातच म्हणाले, "काम क्या है, मुझे बोलो." मी म्हटलं, काम नगरसेविकेशी आहे. आतून त्यांनी स्वतःच बोलावलं. दोघी स्वयंपाकघरात बसलो. त्या मला म्हणाल्या की सभेत अंदाजपत्रक येईल म्हणतात, ते कसं वाचतात? मी त्यांना इतिवृत्तांचं ते बाड दिलंय. परत मागणार नाही.

अंदाजपत्रकाच्या सभेआधी पाण्याच्या वेळेचा आणि अंगणवाडीजवळच्या गटाराचा अर्ज जाणार आहे, सह्या चालू आहेत. दर जुम्म्याला असरनंतर मी अंगणवाडीच्या ओट्यावर असते. येताना पाणीपट्टीची पावती आणा. पुरुषांनीही या, या वेळी मी लाजणार नाही.